नऊच्या जागी पाच

कान्यामात खणायला घ्या,
कंबरेइतकं खाली गेलात की पहार वाजते.
ठण्ण.
हा आवाज इथलं शेंबडं पोरही ओळखतं.
सगळं लुसाका याच खडकावर बसलंय,
काहींचं त्यात घट्ट रोवून,
आमचं नुसतं वर ठेवलेलं.

पावसाळ्यात पाणी खालून येतं.
विहिरीपासून खड्डा बारा पावलं.
पाण्याला कसलं कुंपण,
ते दोन्ही घरी जेवून येतं.

मालक सिकाझ्वे म्हणाले, खाली जाता येत नाही ना?
मग वर जा.
सात बिऱ्हाडं, एक संडास, सहा पोती सिमेंट.
मी म्हटलं, आठ लागतील.
ते म्हणाले, चिशिम्बा, तू गवंडी की दुकानदार?

बसवलं सहात.
जमिनीवर खांद्याइतकी उंच टाकी,
तिच्यावर पत्र्याची खोली,
दाराला आतून कडी. खरी कडी, सुतळी नाही.
टाकीत कपात चालत नाही.
भिंतीत चालत नाही.
पायरीत चालते.
नऊ हव्या होत्या, पाच केल्या.
एकेक दीड वीत.

मुलं त्याला विमान म्हणतात.
सकाळी रांगेत उभं राहून पोटं दाबत
एकमेकांना विचारतात, तुझं कुठलं गाव?

बाना मुटाले रोज यायची काम बघायला.
दुधाच्या पावडरीच्या डब्यात
दोन वर्षं दारोदार क्वाचा जमवले ते तिनेच.
भिंतीला पाणीही तिनेच मारलं.
बाना म्हणजे आई.
ज्या वर्षी शाळेत खाटा मांडल्या होत्या
आणि दारात चुन्याची पांढरी रेघ होती,
त्या वर्षी मुटाले गेला.
हाक तेवढी राहिली तिच्या अंगावर.

तिचे गुडघे माझ्या लक्षात आले नाहीत.
खोटं कशाला बोलू, आले होते.
सिमेंट संपलं होतं.

परवा पहाटे चारला कामावर निघालो
आणि कोळशाच्या पोत्यांआड थबकलो.
ती चढत होती. पाठमोरी नाही,
पायऱ्यांकडे पाठ करून, बसून.
आधी पाण्याचा डबा एक पायरी वर,
मग दोन्ही तळवे टेकून ती एक पायरी वर.
मग डबा.
चितेंगे गुडघ्यांत आवळलेलं.
तिसऱ्या पायरीवर ती थांबली,
पत्र्याला डोकं टेकून दम खाल्ला.
बाईमाणूस दिसलं की पुरुषाने खाकरावं, ही रीत.
मी खाकरलो नाही.
कडीचा आवाज आला तेव्हा कुठे हललो.

काबुलोंगात एका बंगल्याचं काम चालू होतं.
माणसं तीन, संडास चार,
एकात तर आरसा जमिनीपर्यंत.
अर्धं पोतं उरलं.
उरलं म्हणजे, मी उरवलं.

रविवारी प्रार्थनेहून लोक परतायच्या आत
खालच्या दोन पायऱ्यांच्या चार केल्या.
ती दारात उभी.
काय रे, पायरी चुकली होती का?
चुकली नव्हती, म्हटलं. कमी होती.
ती काही बोलली नाही.
आत गेली आणि तोच दुधाचा डबा
पाण्याने भरून घेऊन आली.

दोन दिवस पाय ठेवू नकोस, मी सांगितलं.
बरं, म्हणाली.
तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, पोरांच्या रांगेसमोर
ती उभ्याने चढली.
एक, दोन, तीन, चार.
मग खाली बसली, वळली,
डबा वर ठेवला.
वरच्या तीन अजून तशाच आहेत.
पोरं शांत उभी होती.
कुणी गाव विचारलं नाही.