फरक

मंडपवाल्यानं लग्नाचंच कापड बांधलं. गुलाबी, झालरीचं.
दुसरं उरलं नाही म्हणाला,
डिसेंबरात मोर्चेवाले सगळं आधीच घेऊन जातात.
तर संविधान चौकात, त्या झालरीखाली,
आम्ही एकवीस म्हातारे साखळी उपोषणाला बसलेलो,
छातीवर पदकं, पायांत कुणाचे बूट, कुणाच्या स्लिपरा,
आणि हवालदार डोंगरवारांनी सकाळी सातलाच
सुतळी धरून खुर्च्यांची रांग सरळ केलेली.

सुतळीचं आणि त्यांचं जुनं आहे.
कामठीच्या मैदानावर मी तुमसरहून आलेला, अठराचा,
डाव्या-उजव्यात चुकणारा.
त्यांनी माझ्या डाव्या बुटाला सुतळी बांधली.
"सुतळी पुढे, बोरकुटे! आता बिनसुतळी!"
जिना उतरताना अजूनही
माझी सुतळीच आधी पडते.

हुद्दा एक.
नोकरी चोवीस वर्षं, त्यांची चोवीस, माझी चोवीस.
बर्फही एकच, फक्त साल वेगळं.
त्यांच्या अंगठ्याच्या रेषा तिथंच राहिल्या,
म्हणून दर नोव्हेंबरात, हयातीच्या दाखल्याला,
बँकेतलं मशीन त्यांना ओळखत नाही.
"जिवंत हाय म्हणून सांग ना बे याले,"
ते मला म्हणतात, आणि मी सांगतो,
काउंटरवरच्या पोरीला, मशीनला, साहेबाला.

फक्त ते आधी घरी आले, मी नंतर.
एवढ्या एका तारखेवर
माझ्या खात्यात दर महिन्याला
त्यांच्याहून तीन हजार चारशे अकरा रुपये जास्त पडतात.
मी कुणाचं चोरलेलं नाही.
तरी पासबुक छापताना मशीन कर्रकर्र करतं
तेव्हा मी मागं वळून बघतो.

एका दिवाळीत मी पाकीट घेऊन मानेवाड्याला गेलो.
वर्षाचा फरक, नव्या नोटांत.
त्यांनी मोजला. थुंकी लावून पुन्हा मोजला.
मग पाकीट माझ्या खिशात घालून
वरून खिसा थोपटला.
"आकडा बरोबर हाय तुया.
पत्ता चुकला."

दुपारी एक स्कूटरवाला सिग्नलला थांबला.
काका, हे तर दिल्लीचं काम, इथं बसून काय होते?
डोंगरवार त्याच्याकडे न बघता म्हणाले,
"पोस्टिंग जिथं भेटते, पहारा तिथंच द्या लागते, बावा."
सिग्नल सुटला.
पोरगा गेला नाही लगेच. मागचे हॉर्न वाजवत राहिले.

रामटेकहून फुलवंताबाई मसराम आल्या,
साडीच्या दुकानाच्या पिशवीत सगळे कागद.
माइक त्यांनी उलटा धरला, कुणीतरी सरळ करून दिला.
भाषण नव्हतंच. एवढंच विचारलं,
"माहा माणूस आधी गेला,
तं का स्वस्तात गेला?"
आणि माइक खुर्चीवर ठेवून
पाणी प्यायला निघून गेल्या.
बंदोबस्तावरची शिपाईण पोरगी
बराच वेळ स्वतःच्या बुटांकडे बघत होती.

तुमचं तर बरं आहे, तुम्ही कशाला बसता?
मला दिवसातून चारदा विचारतात.
पहिल्या दिवशी माझ्याकडे उत्तर होतं, लांबलचक, कलमांसकट.
आता मी डाव्या बुटाकडे बोट दाखवतो.
लोकांना वाटतं पाय दुखतोय.

रात्री मंडपवाला परत आला, हात जोडून.
उद्या उमरेडला लग्न आहे, कापड लागेल.
कुणी काही बोललं नाही. आम्ही झालर सोडली.
वर नुसते बांबू, आणि मधून थंडी.
घडी करायला एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या,
काठाला काठ लावत आम्ही जवळ आलो.
माझ्या बाजूनं चार बोटं जास्त निघालं.

मी आत दुमडायला गेलो.
"नाही," डोंगरवार म्हणाले,
"उघड. पुन्हा."