जकार्डच्या पट्ट्या

माग भंगारात गेले, किलोवर.
पट्ट्यांचं पोतं तेवढं राहिलं जिन्याखाली.
भोकं पाडलेला पुठ्ठा साखर पेठेत आता कोण घेतंय?

वहीत लिहिलं असतं
तर वेणूनं वाचून दाखवलं असतं बोळभर.
म्हणून पट्टीवर लिहिते,
भोकं चुकवत,
घरातली तेलुगू, शाळेतली अक्षरं:

नायना चार महिने बोललेले नाहीत.
अम्मा विड्या वळते, बोलते तेही हजाराच्या हिशेबात.
मी त्या दिवशी ताट भिरकावलं
आणि कुणी ओरडलंसुद्धा नाही.

एवढ्याला सात पट्ट्या लागल्या.
'लाज' नेमका भोकावर आला,
ला अलीकडे, ज पलीकडे.
राहू दिला तसाच.

काल क्लासहून आले तर पोतं रिकामं.
नायना उंबऱ्यात, पट्ट्यांच्या ढिगात,
एकेक उन्हासमोर धरून बघत.
माझे कान तापले.

"ही मोराची मान," ते म्हणाले.
आवाजाला गंज चढलेला.
"एकशेबारा नंबर. तू तळाला टाकलीस."

रात्री बसून त्यांनी सगळ्या सुतळीत ओवल्या,
मोराच्या क्रमानं.
माझं ताट आता आधी पडतं,
चार महिने नंतर येतात,
आणि अम्मा कुठेतरी पिसाऱ्यात.

वाचलं का, ते विचारलं नाही मी.
जेवताना म्हणाले,
माळ्यावर कोऱ्या पट्ट्या आहेत,
भोकं न पाडलेल्या.
म्हणाले भिंतीकडेच बघत.