पत्ता : शाखा क्रमांक सात

पहाटे पावणेपाचला व्हॅनचं इंजिन
आधी खोकतं, मग शिव्या देतं, मग चालू होतं.
बाहेर उणे एकतीस.
विनिपेगचा जानेवारी म्हणजे
नाकातला केससुद्धा काचेचा.

मी ओरेस्ट. या शहराच्या अकरा वाचनालयांतली
पुस्तकं इकडची तिकडे करतो.
वाचत फारसा नाही. वाहतो.

प्रत्येक पुस्तकाच्या तोंडातून चिठ्ठी लोंबते
ताप बघायला लावलेल्या थर्मामीटरसारखी :
कुणाला हवंय, कुठल्या शाखेत.
त्यावरून मला शहर कळतं.
रेल्वे यार्डाजवळ हल्ली सगळ्यांनाच वेल्डिंग शिकायचंय.
होदान नावाची पोरगी आईसाठी नागरिकत्वाच्या परीक्षेचं नेते
आणि स्वतःसाठी डायनोसॉर.
नदीपलीकडून कुणीतरी ओळीने तीन मागवली,
तिन्ही घटस्फोटाच्या कायद्यावरची,
आणि पंधरा दिवसांनी एक, घरी पाव भाजण्याचं.
ते वाचून मला उगाच बरं वाटलं.

सातव्या शाखेत विल्मा बिअर्डी.
सुरक्षारक्षक नवा, नियम जुना : इथे झोपू नये.
रेडिएटरशेजारच्या खुर्चीत जो माणूस असतो
त्याच्यापुढे ती एक जाडजूड पुस्तक उघडून ठेवते,
दीपगृहांवरचं
(समुद्र इथून रेल्वेने दोन दिवस),
आणि परत आलेली पुस्तकं लावता लावता
दर वीस मिनिटांनी येऊन पान उलटते.
रक्षकाने विचारलं तर म्हणते, वाचतोय तो.
खोटं नाही ते.
बाहेर उणे एकतीस.

एकदा तो एकशे बाराव्या पानावर जागा झाला
आणि म्हणाला, माझं मधलं राहिलं.

घरी न्यायचं तर कार्ड, कार्डाला पत्ता.
विल्माने फॉर्म पुढ्यात ओढला,
पेनाचं टोपण दातांनी काढलं
आणि पत्त्याच्या रकान्यात
या इमारतीचाच पत्ता लिहिला.
नाव : क्लेमेंट स्पेन्स.
कार्ड त्याने बूट काढून पायमोज्यात ठेवलं.

तेव्हापासून ते पुस्तक त्याच्या मागे मागे.
सोमवारी सातवी बंद, म्हणून तिसरीत.
रविवारी ऊब फक्त मुख्य शाखेत.
गोठलेल्या दोन नद्यांवरून
मी दीपगृहं नेत होतो, आणत होतो.

फेब्रुवारीत ते राखीव फळीवर पडून राहिलं.
सात दिवस थांबायचं, मग परत पाठवायचं.
सातव्या दिवशी विल्मा स्वतःच्या नावाची चिठ्ठी घालायची,
आठव्या दिवशी पुन्हा त्याच्या.
मी विचारलं. म्हणाली, त्याचा पत्ता नाही.
मग थांबून :
म्हणजे आहे. पण तो हाच.

त्याच आठवड्यात पालिकेची माणसं आली,
दाराशी लावलेल्या यंत्राचे आकडे घेऊन.
सातवीत माणसं कमी येतात म्हणे.
यंत्र आत येणारे मोजतं.
पान कोण उलटतं, ते त्याला दिसत नाही,
आणि विल्माने सांगितलं नाही. चहा दिला.

मार्च अर्धा सरला तेव्हा नवव्या शाखेची चिठ्ठी आली,
हॉस्पिटलसमोरच्या.
तेच नाव, तेच पुस्तक,
खाली कुणा नर्सच्या गोल अक्षरात :
मोठ्या टाइपातली प्रत असल्यास.

नव्हती. अकरांत कुठेच नव्हती.
विल्माने खण उचकून भिंग काढलं,
पुस्तकाला रबरबँडने बांधलं.
भिंगाची नोंद नाही, परतीची तारीख नाही.

मी ते क्रेटमध्ये टाकलं नाही.
शेजारच्या सीटवर ठेवलं
आणि पट्टा लावला.