श्रावंतीला पिल्लू देताना

थांब, ओढू नकोस.
कुंडी आडवी कर, बुडावर दोन थापा मार,
गड्डा आपणहून बाहेर येतो.
हे बघ, आईच्या बगलेला चिकटलंय.
इथे काप. आजीची पानं कापायची कात्री चालेल,
पण पुसून घे, तंबाखू नको.

लगेच लावायचं नाही.
चार दिवस कपाटावर ठेव, सावलीत.
जखम सुकू दे. ओली मातीत गेली की कुजते.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

तोंडाला लावायला हवी असेल तर ही ती नव्हे.
ही ठिपक्यांची, बुटकी. उपयोग काही नाही.
फुलते, एवढंच.

माती काळी अजिबात नको,
काळी पाणी धरून बसते, जावेने शब्द धरावा तशी.
कुंभारीच्या माळावरचा मुरूम आण दोन घमेली,
विटांचा चुरा, मूठभर शेणखत,
ऑइलपेंटच्या डब्याला खिळ्याने पाच भोकं.
पाच म्हणजे पाच. मी एकच पाडलं होतं.

पहिली मी मारली, श्रावंती.
नळ पाचव्या दिवशी येतो, रात्री दोनला,
आणि त्या रात्री माणसाला वाटतं, आपण सावकार.
पिंप भरलं, घागरी भरल्या, भगुली, वाट्यासुद्धा,
मग उरलेला तांब्या हिला.
वैशाखात दया येऊन रोजच.
पानं अशी तरारली की राजमणी म्हणाली, दृष्ट काढा की हिची.
आषाढात बोट लावलं
तर बुंधा पिठल्यासारखा.

राजमणीने उचलून पत्र्यावर फेकली.
बोलली काही नाही.
तो पत्रा तुला माहीत आहे, दुपारी त्यावर पापड भाजावा.
दिवाळीला पन्हळ साफ करायला चढलो
तर धुळीत, लूमवरून उडून आलेल्या तंतूंत
बोटभर पिल्लू उभं,
तांबूस, रागावल्यासारखं.

त्याचं हे नातवंड.

उन्हात पानं लाल पडतील. घाबरू नकोस,
पाणी मागत नसते ती.
बोट खुपसून बघ, दोन पेरं कोरडं लागलं तर दे,
नाहीतर नळाचा आवाज ऐकत गप झोप.

गड्ड्याच्या यात्रेच्या सुमाराला दांडा येतो.
आधी वाटतं, एखादं पान चुकून गोल झालंय.
मग हातभर लांबतो, टोकाला कळ्यांची लडी.
तीस वर्षं मी अक्कलकोट रोडला सूत रंगवलं.
मालक वहीतला नंबर दाखवायचा, मी डोळ्यांनी तोलायचो:
पिवळा दोन तोळे, लाल चिमूट, मीठ, सोडा.
हा रंग कधी जमला नाही.
वर तांबडा, खालून उमलत येताना पिवळा,
एका लडीत दोन्ही, आणि शीव कुठेच नाही.
असा माल काढला असता तर हप्ता कापला असता माझा.

आता मोतीबिंदूतून मला
काहीतरी पेटलेलं दिसतं, इतकंच.
राजमणी बिड्या वळता वळता सांगते, सूप मांडीवर:
आज तीन उघडली. शिंजीर येऊन गेला, काळा, एवढासा.
मी विचारतो, काळा की निळा?
ती दोरा तोडते. म्हणते, उन्हात निळा.
रंग आधी माझं खातं होतं.

नाव काय सांगायचं? आमच्यात कलबंद,
कारखान्यात कोरफड. तुला जे तोंडात बसेल ते.

ने आता. रिकाम्या पिशवीत घाल, गाठ मारू नकोस.
फुलायला दोन वर्षं लागतील, तीनही.
फुलली की रंग सांगायला ये.
नंबर नको. नुसतं कशासारखा ते सांग.
संत्र्यासारखा म्हणालीस
तर परत पाठवीन, नीट बघून यायला.