पिसं टाकण्याचे दिवस

कुरियाकोस गावी परतला, पिंजरा माझ्याकडे सोडून.
मनामाच्या या खोलीत एसी कधी थांबत नाही,
ट्यूब मध्यरात्रीपर्यंत जळते.
पोपटाला ऋतू कळणार कुठून?

ऑगस्टात एका सकाळी पिंजऱ्याखाली राखाडी पिसांचा सडा,
त्यात शेपटीचं एक, लालभडक.
टॅक्सीवाल्याने पिंजऱ्याचे वेगळे पैसे घेतले.
डॉक्टरीणबाई हसल्या : आजार नाही हो,
टक्कल पडलंय का कुठे?
डाव्या पंखातलं एक गळलं
की उजव्यातलं त्याच जागचं गळतं,
उडणं सुटू नये म्हणून.

मानेवरचे काटे म्हणजे नवी पिसं.
नळीत रक्त असतं, ओढायचं नाही.
उकडलेलं अंडं, कोमट पाण्याचा फवारा,
दिवस मावळला की पिंजऱ्यावर माझी जुनी लुंगी.
चावला तर चावला.
अंग ठणकताना गोड कोण बोलतं?

स्वतःच्या डोक्यापर्यंत चोच पोचत नाही त्याची.
काल पहिल्यांदाच मान वाकवून उभा राहिला माझ्यापुढे.
नखाने एकेक सुकलेलं टरफल चोळत गेलो,
पांढरा भुगा बनियनवर.
डोळे मिटून तो म्हणाला, "मोळे".
म्हणजे पोरी.
शुक्रवारी फोनवर कुरियाकोस लेकीला म्हणायचा, तस्सं.

डिसेंबरपर्यंत सगळी पिसं नवी होतील.
या शब्दाचं काय होतं,
ते विचारायचं राहिलं.

लाल पीस पासपोर्टात ठेवलंय.
तो आता नीट मिटत नाही.