धागाकटिंग

दिघ्याला आमच्या गल्लीत
नौशादचा टेम्पो शिरत नाही.
नाक्यावरून तो गठ्ठे पाठीवर आणतो,
दारात टाकतो, म्हणतो,
शंभर आहेत ताई, मोजून घ्या.
त्याला गठ्ठ्यामागं मिळतात, मला पिसामागं.

काम सोपं आहे.
शिलाई संपते तिथं धागा लोंबतो, तो कापायचा.
काखेत दोन, गळ्याला एक, घेराला चार-पाच,
बाहीच्या आत एक असतो,
तो डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागतो.
पिसाला चाळीस पैसे.
एक जरी राहिला तर पाच रुपये कापतात.
म्हणजे कापायचं काम दोन्हीकडं चालू असतं.

कात्रीनं अंगठ्याच्या बुडाशी घट्टा पडलाय.
तो ठणकायला लागला की हात तिरका जातो
आणि धाग्याचं टोक राहतं,
उंदराच्या मिशीएवढं.

हा महिना शेवाळी रंगाचा.
भातात शेवाळी कूस, माठाच्या झाकणावर शेवाळी कूस.
मागच्या महिन्यात राणी कलर होता,
तेव्हा शिंकले की रुमाल लग्नातला वाटायचा.

कापलेल्या धाग्यांचं पोतं
घंटागाडीवाला घेत नाही. म्हणतो, हा कंपनीचा कचरा.
कंपनी म्हणते, तुमच्या घरचा.
नाला काही म्हणत नाही. तो घेऊन जातो.

ऐरोलीच्या बाजारात यशोदी म्हात्रीण बसते.
परवा म्हणाली,
"जाल्यान आज मावरं नाय, निस्ती कापरं."
पाटीच्या कडेला खरंच एक लेगिंग पडली होती,
चिखलानं जड, दोन्ही पाय गुंतलेले.
शेजारी एक निवटी. तिच्या गळ्याभोवती
शेवाळी काहीतरी.
मी तिकडं बघितलं नाही.
बोंबलाचा वाटा घेतला
आणि आयुष्यात पहिल्यांदा घासाघीस केली नाही.

मग अक्षदानं मोबाइलवर कुर्ती मागवली.
एकशे एकोणपन्नास, घरपोच.
पिशवी फोडली तर शेवाळी,
आणि वास तोच, जो माझ्या उशीला येतो.
मी मनात हिशेब मांडला,
शिवणारीचे, नौशादचे, माझे चाळीस पैसे,
मोबाइलवाल्याचे, जिना चढून आलेल्या पोराचे.
कापड तर फुकटच उगवलं असणार कुठंतरी.

तिनं घातली, हात वर केले, गिरकी घेतली.
डाव्या काखेत लोंबत होता.
तिरका. उंदराच्या मिशीएवढा.
म्हणजे पैसे कापून घेतले
आणि धागा तसाच पाठवला.

"आई, कात्री दे गं."
म्हटलं, राहू दे. पाच रुपये भरलेत मी त्याचे.
ती हसली. तिला वाटलं, गंमत.

तिसऱ्या धुण्याला घेर उसवला,
बादलीतलं पाणी नाल्यासारखं दिसायला लागलं.
काखेतला तेवढा पक्का निघाला.

आता तिचं पायपुसणं केलंय मोरीपाशी,
पण ते पाणीच पीत नाही.
ओल्या पायांनी मी त्यावर उभी राहते,
तसेच ओले पाय घेऊन दारात येते.
नौशाद वळणावर दिसतो, गठ्ठ्याखाली वाकलेला.
या महिन्यात निळा आहे म्हणे.