बाकी आठ रुपये

माहीमचा चुरी फोटो स्टुडिओ रिकामा केला त्या दिवशी
सुलभाताईंनी हा डबा माझ्या हातात दिला.
म्हणाल्या, भंगारवाला पत्र्याचे पैसे देतो,
आतल्या पावडरीचे नाही.
तळाला छापलेली तारीख: मार्च १९९७.

बाटलीतला डेव्हलपर केव्हाच मेला होता,
काकवीसारखा काळपट, बुडाला खडे.
मोरीत ओतला. फरशीवर डाग राहिला.
बायको म्हणाली, हा आता आपल्याबरोबरच जाणार.

पण डब्यातली पावडर
चमच्याने ठोकली तर फुटली,
आत अजून पांढरी,
कडेला तेवढी जुन्या दातासारखी पिवळट.
अर्धा डबा वापरू नये म्हणतात,
औषध सगळीकडे सारखं मिसळलेलं नसतं.
मी अर्धाच वापरला.

अँटॉप हिलला नळाचं पाणी एकतीस.
पुस्तकात वीस.
हेमलता तांडेलकडून पापलेटांखालचा बर्फ आणला.
कशाला, पाव्हणे आलेत?
फिल्म धुवायचीय.
धू बापडा, पण बांगड्याचा वास आला
तर माझं नाव घेऊ नको.
पारा उतरत उतरत चोविसावर अडला.
बरं, चोवीस तर चोवीस.

मोरूशेठ औषध तपासायचे ते असं:
वाया गेलेल्या फिल्मची शेपटी कापायची,
भर उजेडात बशीत टाकायची.
जिवंत असेल तर काळी पडते.
नसेल तर ती तशीच राहते
आणि आपण उगाच वाकून बघत बसतो.

एक मिनिट. दीड. दोन.
मग एका कोपऱ्यात राखाडी,
झोपेतल्या माणसाने हुंकार द्यावा तशी.
चौथ्या मिनिटाला काळी.
तव्याच्या बुडाइतकी नाही,
पण काळी.

आता खरा रोल.
त्याच्यावरचं रबर वितळून कागदाला चिकटलेलं,
कागदावर नंबर ४१२.
पावतीपुस्तकात बघितलं:
ओळखपत्राचा फोटो, तीन कॉपी,
ॲडव्हान्स सात, बाकी आठ.
नावाची जागा कोरी.
नाव विचारायचं काम माझं होतं.

बारा फ्रेमच्या रोलवर दोनच फ्रेम काढल्या होत्या.
माणूस दोनदा येऊन गेला.
रोल भरल्याशिवाय धुवत नाही,
असं त्याला मीच सांगितलं,
पेन कानावर ठेवून.
त्याच आठवड्यात दुकानात झटपट फोटोचा कॅमेरा आला
आणि हा रोल भरायचा राहूनच गेला.
तो तिसऱ्यांदा आला असेल तर
मी जेवायला गेलो असेन.

खिडकीला घोंगडी. दाराच्या फटीला टॉवेल.
अंधारात बोटांनी फिल्म स्पूलवर चढवली,
दोनदा अडकली, एकदा शिवी दिली.
पुस्तकाप्रमाणे नऊ मिनिटं.
मी अठरा दिली.
म्हाताऱ्या औषधाला घाई करू नये.
हायपो मात्र प्रिन्सेस स्ट्रीटवरून ताजा आणला,
तिथे खेळ नाही.

फिल्म उजेडात धरली.
सगळ्यावर धुकं,
आरशावर कुणी श्वास सोडून गेल्यासारखं.
पहिल्या फ्रेममध्ये तो हलला होता.
दुसरीत
शर्टाची कॉलर, एक कान, अर्धा खांदा
आणि उचललेली हनुवटी.
हनुवटी वर, हे मोरूशेठचं वाक्य.
तो अजून पाळतोय.

निगेटिव्हमध्ये केस पांढरे दिसतात.
आज असतील तेवढेच.

दोरीवर माझं बनियन आणि पोरीच्या युनिफॉर्मच्या मध्ये
चिमटा लावून फिल्म टांगली.
खाली बादलीत थेंब पडत राहिले.
सकाळी दात घासता घासता बायकोने विचारलं,
हा कोण?
गिऱ्हाईक, मी म्हटलं.
आपल्याकडे?
हो. थांबलाय.

मग डब्याचं झाकण घट्ट बसवलं,
वर जुनी चिकटपट्टी फिरवली.
अजून एका रोलपुरतं आहे.